@ आणि पावशेराची भावकी

प्रश्न : मराठी कीबोर्डवर @ काढायला गेलं की नुसता चंद्र उमटतो. ते कसं टाइप करायचं? आणि ‘ऍट द रेट’ला मराठीत काय म्हणतात? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं माझं डोकं रोज फिरतं. परवा शाहूपुरीत एका काउंटरवर माझ्या पुढच्या गृहस्थांनी ई-मेल सांगितला, “पाटील बावीस ॲट द रेट जीमेल.” अहो, कसला रेट? मार्केट यार्डातल्या पावतीवर गुळाच्या रव्यांपुढं, म्हणजे ढेपांपुढं, @ घालून भाव लिहिला, तर तिथं ‘ॲट द रेट ऑफ’ ठीक. पत्त्यात भाव नसतो, ठिकाण असतं. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या ई-मेलसाठी हे चिन्ह उचललं ते एवढ्यासाठीच, की ते कुणाच्या नावात येत नाही आणि इंग्रजीत ‘ॲट’ वाचलं जातं. अमुक माणूस, अमुक यंत्रावर. ‘जीमेलच्या भावानं पाटील’ म्हणजे स्वतःचाच सौदा पुकारला की!

डच लोक याला माकडाचं शेपूट म्हणतात, इटालियन गोगलगाय, रशियन कुत्रा. असोत बापडे. खरी मेजवानी स्पॅनिश नावात आहे : आरोबा.

आरोबा हे वजन. सुमारे साडेअकरा किलो, म्हणजे आपल्या दहा किलोच्या रव्याहून थोडं जड. शब्द मूळचा अरबी, ‘अर्-रुब’, म्हणजे चौथा हिस्सा. कशाचा? क्विंटलचा, तिकडचा जुना क्विंटल शंभर रत्तलांचा, म्हणजे पौंडांचा. आणि आपले अडते दिवसभर ज्याच्या नावानं ओरडतात तो क्विंटलही अरबी ‘किंतार’वरूनच आलेला. थोडक्यात आरोबा म्हणजे तिकडचा जुना पाव क्विंटल, आपल्या पावशेराची सातासमुद्रापलीकडची भावकी! चार ओळींची रुबाई याच धातूची. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन इथंच राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्या रुबाईचं आणि तुमच्या ई-मेलमधल्या वेटोळ्याचं आडनाव एक निघालं, तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता. (मुरंब्याला यात ओढू नका, त्याचं अरबी मूळ निराळं.)

आता ही खूण आली कुठून, यावरचे पंडित. बर्थोल्ड उल्मन म्हणतात, लेखनिकांनी लॅटिन ‘आद’ या शब्दाची गाठ मारून @ केला. लिपीच्या अभ्यासात मोठा माणूस, पण दोन अक्षरं लिहायचा कंटाळा म्हणून त्याहून लांब वळसा घालणारा लेखनिक मला अजून भेटायचाय. उलट ४ मे १५३६ ला फ्रान्चेस्को लापी या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानं सेव्हिलहून रोमला धाडलेल्या पत्रात दारूच्या मापाला, ‘आंफोरा’ नावाच्या रांजणाला, हीच खूण आहे. जॉर्जो स्ताबिले यांनी २००० साली ते पत्र पुढं आणलं. माझं मत विचाराल तर आधी माप, मग भाव. ‘रांजणाला इतके’ असं लिहिता लिहिता मापाची खूण दराची झाली. म्हणजे रेटवाल्यांचा रेटसुद्धा उसनाच!

तर मराठीत नुसतं ‘ॲट’ म्हणा, पुरे. मी घरी ‘पाव’ सुचवून पाहिलं. सगळ्यांना मिसळ आठवली, आणि कोल्हापुरात तीही ब्रेडच्या स्लाइसबरोबर खातात, सबब प्रस्ताव बारगळला.

हां, टायपिंगचं राहिलंच. कीबोर्ड बिघडलेला नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कळमांडणीत शिफ्ट आणि २ ही जागा चंद्राला दिलेली आहे. विंडोजवर ऑल्ट दाबून धरा आणि उजवीकडच्या आकड्यांवर ६४ मारा. लॅपटॉपला ते आकडे नसतील तर विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीत जा, @ काढा, परत या. ६४ हा त्याचा आस्कीतला, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जुन्या यादीतला क्रमांक, १९६३ पासूनचा. युनिकोड या साऱ्या लिप्यांच्या आजच्या यादीनं तोच ठेवला, फक्त सोळाच्या पायावर लिहितात म्हणून तो यू+००४० दिसतो. आणि ‘ॲट’ लिहायला लागणारा आपला मराठी ॲ, यू+०९७२, तिथं पोचला २००८ साली. तोवर हिंदी वळणाच्या ऍ वर भागवावं लागायचं. तुमच्या प्रश्नात अजून तोच आहे.