अलास्कातल्या इडिटारॉडच्या, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या (स्लेजच्या) शर्यतीत स्वयंसेवक म्हणून जायचं तर काय करावं लागतं? कुत्र्यांसोबत राहायला मिळतं का?

नाही मिळत. निदान तुम्ही समजताय तसं नाही. चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यांवर, कुत्र्यांना खायला घालणं, पेंढा अंथरणं, पायातले बूट काढून पंजे तपासणं हे सगळं स्लेज हाकणाऱ्या मशरने स्वतः करायचं असतं. तुम्ही प्रेमापोटी एखाद्याची कुत्री जेवू घातलीत तर ती 'बाहेरची मदत' ठरते आणि दंड त्या बिचाऱ्याला होतो. अँकरेजच्या फोर्थ ॲव्हेन्यूवर मार्चच्या पहिल्या शनिवारी जी समारंभाची सुरुवात होते, तिथे कुत्र्यांचे दोर धरायला माणसं लागतात. त्यासाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि तो सगळा देखावा. आदल्या रात्री रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून टाकतात. खरं घड्याळ साधारणपणे दुसऱ्या दिवशी विलो गावाहून सुरू होतं.

1925 साली नोम गावाला औषध पोचवणाऱ्या बाल्टो कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती सांगत बसत नाही. मी अँकरेजला राहतो आणि फेब्रुवारीत या शर्यतीची पोती उचलतो.

हो, पोतीच. सुमारे 1600 किलोमीटरच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी गाडीरस्ता पोचतच नाही. रोन या चेकपॉइंटला तर गावही नाही, एक लाकडी खोपी आणि विमान उतरायची पट्टी, बस. पळणारं कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरी खातं. म्हणून प्रत्येक मशर शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधीच एकेका चेकपॉइंटच्या नावाने पोती भरून देतो: गोठवलेलं मांस, मासळीचे काप, कोरडं खाद्य, कुत्र्यांचे बूट, बॅटऱ्या, स्लेजच्या पट्ट्यांना लावायचं प्लास्टिक, स्वतःचे मोजे. ती सगळी एका गोदामाच्या आवारात येतात. तिथे वजन करायचं, चेकपॉइंटवार लावायची, पुढे विमानाने रवाना. लहान धावपट्ट्यांवर जे नेतात ते वैमानिकही स्वयंसेवकच, विमानं बहुतेकांची स्वतःची. त्यांना 'इडिटारॉड एअर फोर्स' म्हणतात.

आमचं बार्शीला भुसाराचं दुकान. लहानपणापासून थप्प्यांवर खेळलो, त्यामुळे पहिल्याच वर्षी तिथली थप्पी बघून माझं डोकं सणकलं. सगळी हौशी मंडळी, कुत्र्यांची चित्रं असलेल्या टोप्या घालून, पोती कशीही रचत होती. नावं आत, शिवण बाहेर. ते सम वर्ष होतं, म्हणजे शर्यत युकॉन नदीवरून उत्तरेच्या मार्गाने, नुलाटो गावावरून जाणार होती. आणि नुलाटोच्या थप्पीत खालून दुसरं पोतं निकोलायचं! दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटर. निकोलायला पोचलेल्या माणसाने चौदा कुत्र्यांना काय घालायचं होतं, तुमची टोपी?

आमचे बाबा हमालांना एवढंच म्हणायचे, "मार्का बाहेर." मी ती थप्पी उतरवायला लावली. तिथली मुकादम एक निवृत्त शिक्षिका, तिने आधी भुवया चढवल्या, मग स्वतः पोती ओढायला लागली. तेवढ्यात एका पोत्याची कड उसवली आणि मांसाच्या लाद्या बर्फावर पडल्या. चिकटपट्टी लावली तर गारठ्यात चिकटेना. माझ्या गाडीत दाभण असतं. सुतळी नव्हती, कुणीतरी मासेमारीचा दोरा दिला. पाच मिनिटांत टाके घालून पोतं जागेवर. तेव्हापासून उसवलेलं पोतं माझ्याकडे येतं, आणि थप्पीला हात लावण्याआधी मला विचारतात.

हे फोनवर दादाला सांगितलं तर म्हणे, "एवढं शिकवलं ते परदेशात जाऊन हमाली करायला? आपल्या हमालांना हमाली तरी मिळते." हा वाद अजून चालू आहे. त्याचं म्हणणं, बक्षीस घेणार दुसरा, जाहिरातवाले पैसे कमावणार, आणि तू फुकट राबणार. दादा, 2024 मध्ये पहिल्या नंबराला मिळाले पंचावन्न हजार डॉलरच्या आसपास, आणि वर्षभर तेवढी कुत्री पाळायचा खर्च त्यात निघत नाही. वैमानिकांनी, रेडिओवाल्यांनी आणि आम्ही बिलं लावली तर शर्यत विलोच्या पुढे जाणार नाही. आषाढीला दिंड्या बार्शीत उतरल्या की तू स्वतः पंगतीला वाढतोस, तेव्हा कुठे पावती फाडतोस?

तर तुम्हाला माझा सल्ला: कुत्र्यांच्या प्रेमापोटी येत असाल तर घरी बसा, एखादं भटकं कुत्रं पाळा. ओझी उचलता येत असतील, यादी नीट वाचता येत असेल आणि थंडीत तासन् तास उभं राहता येत असेल तर या.

आता काही गोष्टी राहिल्या. तुम्ही पशुवैद्य असाल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. त्यांना कुत्र्यांजवळच काम असतं, शर्यतीआधीच्या ईसीजी-रक्ततपासणीपासून प्रत्येक चेकपॉइंटपर्यंत. थकलेली कुत्री मध्येच विमानाने परत पाठवतात, ती उतरवून घ्यायलाही माणसं लागतात, तिथे थोडं अंगाखांद्यावर घेता येतं. मी स्वतः अँकरेजच्या पुढे काम केलेलं नाही. आणि ही शर्यत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही: 2024 मध्ये तीन कुत्री दगावली, विरोध करणारे वेडे नाहीत. पोटात कालवत असेल तर येऊ नका, कुणी नावं ठेवणार नाही.

अर्ज शर्यतीच्या संकेतस्थळावर भरायचा. येण्या-राहण्याचा खर्च तुमचा. काम निवडताना फेब्रुवारीतली पोती घ्या, तिथे माणसं कायम कमी. आणि दाभण आणणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाका.