‘आतडी गळतात’ म्हणून सिरप बंद केलं

लिव्हरच्या जुनाट आजाराच्या पेशंटची घरची माणसं हल्ली एक नवाच कागद पुढे करतात. कुठल्याशा पॅकेजमध्ये झालेली झोन्युलिन या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी, आकड्यापुढे ‘हाय’, आणि मोबाइलवर सापडलेला अर्थ: आतडी गळतात. पुढचा प्रश्न ठरलेला. ऑपरेशन करावं लागेल काय?

खानापूरकडच्या एका गवंडीकाकांना हा कागद चांगलाच महागात पडला. दारूने सिरॉसिस झालेला, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेलं, दारू सुटलेली, पोटातलं पाणी गोळ्यांनी आटोक्यात. रिपोर्ट आल्यावर मुलाने आधी दूध-दही तोडलं, मग डाळ, मग अंडी. शेवटी लॅक्ट्युलोजचं सिरपही. ‘‘जुलाबाचं औषध हाय ते, मॅडम. आधीच आतडी गळायल्यात म्हणं, त्यात आणि हे कशाला?’’

मी काकूंकडे झोपेची चौकशी केली. ‘‘दिवसभर पेंगत्यात, रात्री टक्क जागे. परवा पायजम्याची नाडी बांधायला जमंना, तर माझ्यावरच चिडले.’’ सिस्टरनी काकांना हात पुढे करून पंजे ताठ धरायला सांगितलं. पंजे राहून राहून खाली पडत होते. मुलाला तो अशक्तपणा वाटला. तसंच डॉक्टरांकडे नेलं. हे सिरप आतड्यातला अमोनिया शौचावाटे बाहेर काढायला असतं; ते थांबल्यामुळे तो मेंदूपर्यंत पोचत होता.

काका सावध झाल्यावर कागद काढला. आतड्याच्या पेशी म्हणजे चिरे, मध्ये दरजा. सिरॉसिसमध्ये दरजा भुसभुशीत होतात, असं मी सांगू लागले तोवर काकाच म्हणाले, ‘‘मग भोक न्हाई. दरजा भराय पायजेत एवढंच.’’ त्या फटींतून जंतूंचे अंश रक्तात शिरतात. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे पाऊण रक्त मुख्यतः आतड्यांकडून, पोर्टल शिरेतून येतं, आणि आजारी लिव्हर ते नीट गाळू शकत नाही. म्हणजे रिपोर्टमधली गोष्ट खोटी नव्हे. सिरॉसिसमध्ये ती बऱ्याच जणांत असते.

घोळ आहे तो आकड्यात. झोन्युलिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाचं पूर्वरूप, आणि हॅप्टोग्लोबिन मुख्यतः लिव्हरच बनवतं. आतडी गळण्याची एलबीपी नावाची दुसरी खूण, तेही प्रथिन लिव्हरचंच. उद्या आकडा उतरला, तर आतडी सुधारली की लिव्हर आणखी खचलं? वर २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की सर्रास वापरलं जाणारं एक किट झोन्युलिन सोडून भलतंच प्रथिन पकडतं. संशोधनाला या खुणा लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण असल्या आकड्यावर घरातलं ताट बदलायचं?

डाळ-अंडी परत सुरू करायला सांगितली. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात, आणि अमोनिया निस्तरायला लिव्हरनंतर तेच कामाला येतात. दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. झोपण्याआधी दुधातली नाचणीची पेज, कारण रात्रभराचा उपास या लिव्हरला सोसत नाही. तोडायचंच तर मीठ: लोणचं, पापड, सांडगे. यावर काकूंचा चेहरा उतरला, पण इलाज नाही. सिरप दिवसाला दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकं. ताप, पोटदुखी, काळी शी किंवा बरळणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

‘‘मग ही तपासणी परत कधी करायची?’’ मुलाने विचारलं. नकाच करू, म्हटलं. त्या पैशांत दर सहा महिन्यांची सोनोग्राफी करा. सिरॉसिसमध्ये कॅन्सरची गाठ होऊ शकते, आणि ती सोनोग्राफीत लवकर सापडू शकते.