पुढची स्प्रिंग तुटलीय, मेकॅनिक म्हणतो वेल्डिंग मारून देतो. चिपळूणहून पुण्याला गाडी तशीच आणू का?

नका आणू. आणि वेल्डिंगचा तर विषयच सोडून द्या.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या डाव्या चाकाची कॉइल स्प्रिंग खालच्या बाजूने तुटलीय, गाडी चालतेय, फक्त जागेवर स्टेअरिंग फिरवलं की खट्ट करून आवाज येतो, आणि परवा आईवडिलांना घेऊन कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुण्याला निघायचंय. आमच्या हॅचबॅकची पण अशीच गेली होती, रत्नागिरीला सासुरवाडीला गेलो होतो तेव्हा, आणि तिथल्या गॅरेजवाल्या काकांनी सगळं समोर बसवून दाखवलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

"गाडी चालतेय ना मग काय" हे जे सगळे म्हणतात ना, त्यात खरा घोळ आहे. छोट्या गाड्यांना पुढे बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर, आणि स्प्रिंग खाली ज्या वाटीत बसते ती वाटी टायरच्या आतल्या बाजूला अगदी खेटून असते, कितीतरी गाड्यांत जेमतेम बोट-दोन बोटं जागा. शेवटचा वेढा तुटला की वरची स्प्रिंग फिरून खाली बसते, गाडी तेवढ्यापुरती सावरते, पण एखाद्या खड्ड्यात तुटलेलं टोक वाटीतून सटकलं तर थेट टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत घुसतं. साइडवॉलला पंक्चर काढता येत नाही, टायर गेलाच समजा, आणि घाटातल्या वळणावर पुढचा टायर असा गेला तर स्टेअरिंग हातात राहणं अवघड.

म्हणून आधी एवढं करा. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा आणि मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा. टोक कुठे आहे, वाटीत आहे की बाहेर डोकावतंय, आणि टायरच्या आतल्या भिंतीवर घासल्याची चकचकीत रेघ किंवा चिरा पडल्यात का ते बघा (हात घालू नका आत, आणि जॅकवर गाडी उचलून तर खाली अजिबात जाऊ नका). मग टेप घेऊन दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतची उंची मोजा. अर्धाच वेढा गेला असेल तर फरक फार थोडा येतो, डोळ्याला कळतही नाही, त्यामुळे "गाडी तर सरळ दिसतेय" याला काही अर्थ नाही. टोक बाहेर आलं असेल किंवा टायरला खूण असेल तर फ्लॅटबेड टोइंग, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक बोलवा. टोक वाटीत नीट असेल तर गावातल्या गावात गॅरेजपर्यंत वीसच्या स्पीडने जायला हरकत नाही, पण घाट नको.

आता वेल्डिंग. स्प्रिंगचं पोलाद उष्णता देऊन, विझवून, परत तापवून एका ठराविक कडकपणावर आणलेलं असतं, त्यात तिचा सगळा जीव असतो. वेल्ड मारला की त्या जागेचा तो गुण जातो, तिथे लोखंड ठिसूळ होतं आणि शेजारीच परत तुटतं, आणि यावेळी कदाचित मधूनच. जीप-टेम्पोला कॉइलऐवजी एकावर एक पाट्यांची स्प्रिंग असते, त्यातला पाटा तुटला तर तो एक पाटा काढून दुसरा घालून लोक वर्षानुवर्षं चालवतात, मला वाटतं तिथूनच ही जुगाडाची सवय लागलीय. कॉइलमध्ये दुसरा पाटा नसतो हो.

दुसरा प्रश्न, एकच बदलू की दोन्ही. दोन्ही, पुढच्या पुढच्या जोडीने. जुनी स्प्रिंग इतक्या वर्षांत थोडी बसलेली असते, एका बाजूला नवी टाकली की गाडी तिरकी उभी राहते आणि ब्रेक मारताना, वळताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. शिवाय जी कारणं डावीला लागली तीच उजवीला लागलीयत, तीपण रांगेतच उभी आहे. आम्हाला जोडी चार हजारांच्या आत पडली आणि मजुरी वेगळी, तुमच्या मॉडेलप्रमाणे कमीजास्त होईल, पण एकच घेऊन वाचणारे पैसे दुसऱ्यांदा स्ट्रट उतरवायच्या मजुरीत जातात.

पार्ट घेताना गाडीचा चासी नंबर देऊन घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात कारण डिझेल इंजिन जड, आणि स्प्रिंगवर रंगाचे जे छोटे पट्टे दिसतात ते याच फरकासाठी असतात. जुन्या बाजारातली उतरवलेली स्प्रिंग स्वस्त मिळते पण ती किती बसलीय आणि रंगाखाली किती गंज आहे हे कुणाच्या बापाला कळत नाही.

काम चालू असताना शक्यतो तिथेच थांबा. बॉनेट उघडल्यावर कोपऱ्यात जो टॉवर दिसतो त्यावर बहुतेक गाड्यांत कडेला दोन-तीन छोटे नट असतात, ते आणि खालचे बोल्ट काढून स्ट्रट खाली उतरतो. मधला मोठा नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय कुणी हात लावत असेल तर सरळ लांब व्हा. ती स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते, सुटली तर जबडा फोडेल. दोरीने बांधून किंवा पायाने दाबून उघडणारे महाभाग मी पाहिलेत, अशा ठिकाणी गाडी देऊच नका.

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉपचा रबर (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा) आणि शॉकअपला तेल गळतंय का हे बघून घ्या, कारण मजुरी तीच. खट्ट आवाज बेअरिंगमुळेही येतो, त्यामुळे नुसती स्प्रिंग बदलून आवाज राहिला तर वैताग येईल. नवी स्प्रिंग बसवताना तिचं खालचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलं पाहिजे, आमच्याकडे काकांनी पहिल्यांदा बसवलेली परत फिरवून घेतली, टोक नखभर पुढे गेलं होतं. शेवटी ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमची) वायर क्लिपमध्ये परत गेली ना, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे ताणत नाही ना हे बघा, आणि मग अलाइनमेंट. अलाइनमेंट नको म्हणू नका, स्ट्रटचे खालचे बोल्ट सोडले की चाकाचा कोन थोडाफार हलतोच.

तुटली का म्हणाल तर खड्ड्याला सगळी शिवी देऊ नका. खालच्या वाटीत चिखल साठतो, कोकणात वर खारी हवा आणि चार महिने पाऊस, खडीने रंगाचा टवका उडाला की तिथे गंज धरतो, गंजाच्या खळीतून बारीक चीर सुरू होते आणि मग एखादा खड्डा निमित्त होतो. थंड देशात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडेही हीच रड, ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत तुटलेली स्प्रिंग दिसली की गाडी नापास. तुमचा तुकडा हातात आला की तुटलेलं तोंड बघा, कडेला तपकिरी डाग आणि बाकीचा भाग चकचकीत दाणेदार असेल तर चीर बरीच आधीपासून होती. पावसाळा संपला की चाकाच्या आत प्रेशरने पाणी मारून ती वाटी धुवायला सांगत जा. आणि ग्राउंड क्लिअरन्ससाठी वेढ्यांच्या मध्ये रबराचे बफर कुणी घातले असतील तर काढून टाका, ते अडकवले की ते वेढे दबत नाहीत आणि सगळा ताण उरलेल्यांवर जातो.

इन्शुरन्सचं विचारलंत, तर साध्या मोटर पॉलिसीत झीज आणि मेकॅनिकल बिघाड बसत नाही, नुसती स्प्रिंग तुटली तर क्लेम मिळायचा नाही. पण पॉलिसीबरोबर रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मिळणारी मदत) घेतलेला असेल तर टोइंग त्यात निघू शकतं, गॅरेजला हजारभर रुपये देण्याआधी तो नंबर एकदा फिरवून बघा.