दिवसाला चार-दोन गाड्या येणाऱ्या शेवटच्या स्टेशनात एवढे सिग्नल कशाला?

तुम्ही विचारलंय की फ्रान्समधल्या, स्पेनच्या सीमेलगतच्या लातूर-द-कारोल स्टेशनात एकाच सिग्नलला दोन लाल दिवे का होते, वाटेत रुळांच्या मधोमध दिसलेली लांब लोखंडी पट्टी कसली, आणि जिथे गाडी संपतेच तिथे हा पसारा कशाला. ‘पसारा’ वाचलं आणि लिहायला बसलो. नोकरीची सगळी वर्षं सिग्नल खात्यात गेली. मुलगी तुलूझला असते, त्यामुळे ते स्टेशनही पाहिलंय.

दोन लाल म्हणजे पूर्ण बंद, परवानगीशिवाय हलायचं नाही. फ्रेंच लोक त्याला ‘कारे’ म्हणतात. आता यातला एक दिवा उडाला तर? उरतो एक लाल, आणि ऑटोमॅटिक ब्लॉकच्या मार्गावर, म्हणजे जिथे पुढच्या टप्प्यात गाडी आहे की नाही यावरून सिग्नल आपोआप बदलतात तिथे, एका लालचा अर्थ वेगळा: आधी थांबा, मग समोर बघत सावकाश पुढे जा. म्हणजे दिवा उडाल्यामुळे बंद सिग्नल ढिला झाला! म्हणून अशा सिग्नलला बाजूला एक बारका दिवा असतो. खरोखरच एक लाल द्यायचा असेल तेव्हा तोही पेटलेला असतो. एक लाल आहे पण बारका दिवा विझलेला, तर ड्रायव्हरने दोन लालच समजायचे. ज्याने हे योजलं त्याने आधी सिग्नल बिघडल्यावर काय होईल याचा विचार केला, आणि सिग्नलवाल्याने तोच करायचा असतो.

मधली पट्टी म्हणजे ‘क्रोकोदील’. लार्तिग आणि फोरेस्ट यांची ही युक्ती 1872ची. इंजिनाखालचा ब्रश तिला घासतो, सिग्नल प्रतिकूल असेल तर ड्रायव्हरच्या कानाशी आवाज होतो, आणि त्याने ठरलेल्या वेळात दखल घेतली नाही तर ब्रेक आपोआप लागतात.

आता पसाऱ्याबद्दल. टर्मिनस म्हणजे गाड्या उभ्या राहण्याची जागा, आणि उभी गाडी ही चालत्या गाडीइतकीच धोक्याची. चालत्या गाडीत निदान ड्रायव्हर तरी असतो.

आमच्याकडे एका लहान शाखेच्या शेवटच्या स्टेशनात मालाची सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायचा बाजूचा रूळ, होती. सायडिंग मेन लाइनला मिळते तिथे ट्रॅप पॉइंट, म्हणजे मुद्दाम उघडा ठेवलेला सांधा. वॅगन आपसूक सुटली तर ती मेन लाइनवर न जाता रुळावरून उतरून खडीत रुतावी यासाठी. त्याची किल्ली स्टेशन मास्तरकडे. एके दिवशी माल उतरवताना हमालांनी वॅगन थोडी ढकलली, हातब्रेक नीट आवळलेला नव्हता, आणि वॅगन निघाली. फलाटावर पॅसेंजर उभी, लोक चढतायत. वॅगनची पुढची चाकं ट्रॅपवर खाली उतरली, खडीत अर्धी गाडली गेली आणि ती तिथेच थांबली. सांधेवाला धावत आला तोवर सगळं शांत झालं होतं. कुणाला ओरखडा नाही.

साहेबांनी अहवालात काय लिहावं? ‘ट्रॅप पॉइंटमुळे वॅगन घसरली.’ वर शेरा, की मोजक्या गाड्यांच्या स्टेशनात हा पसारा काढून टाकावा. मी लेखी कळवलं की ट्रॅप पॉइंटमुळेच घसरली, आणि घसरावी म्हणूनच तो बसवलाय. या एका वाक्यापायी माझी बदली झाली. आजही तेच वाक्य लिहीन. त्या साहेबांच्या हिशेबात घसरलेली वॅगन म्हणजे अपघात. माझ्या हिशेबात ती टळलेली टक्कर.

लातूर-द-कारोलला तर उताराचा प्रश्न आणखी मोठा. तुलूझकडून येणारी लाइन पोर्ते-प्युमोरांला 1,562 मीटरवर चढते आणि मग या स्टेशनाकडे तीनशेहून अधिक मीटर उतरते. त्या मार्गावर हजाराला 40, म्हणजे 25ला 1 असा चढ आहे. आपला बोरघाट 37ला 1. शिवाय एकाच आवारात तीन गेज: फ्रेंच 1,435 मिलिमीटर, स्पॅनिश 1,668 आणि ‘पिवळी गाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरातल्या छोट्या गाडीचा मीटर गेज. तिन्हींची वीजही वेगळी. त्या पिवळ्या गाडीच्या मार्गावर 31 ऑक्टोबर 1909 रोजी चाचणीची गाडी उतारावर सुटली. तिथला झुलता पूल ज्यांनी आखला ते अल्बेर जिस्क्लार त्यात गेले. अशा मुलखात सायडिंगच्या तोंडाशी रुळावर बसणारा, वॅगन उतरवणारा ठोकळा आणि त्याला बूरे पद्धतीचं कुलूप दिसलं तर त्याला पसारा म्हणू नका. किल्ली ठोकळ्याच्या कुलपात अडकलेली असताना सिग्नल देता येत नाही, आणि सिग्नल दिलेला असताना ती सिग्नलच्या कुलपातून सुटत नाही. वीज नको, काही नको.

हेही सांगायला हवं की प्रत्येक फ्रेंच टर्मिनसला इतकं सामान नसतं. काही शाखांवर एका वेळी एकच गाडी आत सोडतात, ती परत आल्याशिवाय दुसरी नाही. तिथे सिग्नल फार थोडे. आणि मी भारतीय रेल्वेचा माणूस. त्यांच्या नियमांतले बारकावे तिथल्या माणसालाच विचारा.

पुन्हा गेलात तर फलाटाच्या टोकावरून सिग्नलच्या खांबावरची छोटी पाटी बघा. ‘एनएफ’ असेल तर तो सिग्नल दोन लाल दाखवू शकतो. नुसतं ‘एफ’ असेल तर नाही. फोटोसाठी पिवळ्या गाडीच्या रुळांत मात्र उतरू नका, बाजूच्या तिसऱ्या रुळात 850 व्होल्ट असतात.