"पंक्चर झाली का ओ?"

तुम्ही विचारलंय, "माउंटन बायकिंग केल्यानं माणूस खरंच आतून बदलतो का, की हे नुसतं रीलवरचं बोलणं आहे? चाळिशीत सुरू करण्यात अर्थ आहे का?"

मी अंबाजोगाईचा. चार वर्षांपूर्वी, 39 व्या वर्षी सुरू केलं. साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालण्याचा मला कंटाळा. एका ओळखीच्या पोरानं त्याची जुनी गिअरची सायकल 22,000 ला दिली, पुढं धक्के झेलणारं सस्पेन्शन, मागं काही नाही. यात आत्मशोध वगैरे काही नव्हता. जो काही शोध लागला तो एका म्हातारीनं लावला, आणि तो फारसा अभिमानानं सांगावा असाही नाही.

अंबाजोगाई बालाघाटच्या पठारावर आहे. गावाबाहेर मुकुंदराजांच्या समाधीकडं निघालं की पठार संपतं आणि जमीन दरीत उतरते. आजूबाजूच्या टेकाडांवर गुरांच्या वाटा आहेत. वर मुरूम, खाली काळा दगड, मधे येड्या बाभळी. जाताना उतार, म्हणजे मजा. येताना तोच चढ. पहिले दोन महिने मी त्या चढावर निम्म्यात उतरायचो आणि सायकल ढकलत वर न्यायचो.

आता आपल्याकडं सायकल ढकलत चाललेला माणूस दिसला की एकच प्रश्न येतो, "पंक्चर झाली का?" आणि मी दर वेळी सांगायचो, "हो ना, झाली." डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, असली महागाची सायकल, आणि म्हणायचं काय, चढ जमला नाही म्हणून उतरलो? पंक्चर हे कसं सोयीचं कारण. त्यात दोष काट्याचा, आपला नाही.

एका सकाळी शेळ्या घेऊन बसलेल्या म्हातारीनं तेच विचारलं. "पंक्चर झाली का ओ?" मी म्हणालो, "हो मावशी." ती उठली, सायकलजवळ आली आणि अंगठ्यानं मागचं टायर दाबलं. मग पुढचं दाबलं. म्हणाली, "हवा तर टच हाय की. कशाला खोटं बोलायलास लेकरा? दम लागला म्हन की." आणि शेळीमागं निघून गेली. 'ओ' वरून 'लेकरा' वर यायला तिला दोन टायर दाबण्याएवढा वेळ लागला.

मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे तो 'विवेकसिंधु' मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इ. स. 1188 साली लिहिला. त्यांच्या समाधीच्या वाटेवर मी शेळ्या राखणाऱ्या बाईशी टायरच्या हवेवरून खोटं बोलत होतो. हसू आलं, पण ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही. कारण प्रश्न सायकलचा नव्हता. मी सगळीकडंच पंक्चर सांगत होतो.

मी खताच्या दुकानात हिशेब बघतो. अनुदानाचं खत आधारवर, पॉस मशीनवरच (अंगठा घेऊन पावती काढणारं यंत्र) विकावं लागतं. मशीनमधला साठा आणि गोदामातल्या गोण्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर तपासणीत मालकाचा परवाना अडचणीत येतो. जूनमध्ये पेरणीची गर्दी असते, दारात शेतकरी उभे, मशीनला रेंज नाही, कुणाचा अंगठा लागत नाही. रात्री भाऊ (आमचे मालक) विचारायचे, "जुळलं का?" मी म्हणायचो, "जुळलं भाऊ." मग चार दिवस घाबरत घाबरत फरक शोधत बसायचो. कधी सापडायचा, कधी सर्व्हर बंद होता असं सांगून वेळ मारून न्यायचो. सर्व्हर म्हणजे माझं दुकानातलं पंक्चर.

त्या म्हातारीनंतर साधारण आठ-दहा दिवसांनी 14 गोण्यांचा फरक आला. मशीन जास्त दाखवत होतं, गोदामात कमी. भाऊंनी विचारलं आणि तोंडातून निघून गेलं, "नाही भाऊ, 14 चा फरक आहे आणि मला तो सापडत नाही." भाऊ चिडले. चांगलंच बोलले, दोन माणसांसमोर बोलले. पण मग खुर्ची ओढून शेजारी बसले. साडेनऊला सापडलं. दोन शेतकऱ्यांना माल दिला होता आणि मशीनवर पावती काढायचीच राहिली होती. चौदाच्या चौदा गोण्या त्यांच्याच. मी एकटा असतो तर आठवडा गेला असता, आणि जेवण गेलं असतं ते वेगळंच.

एवढाच बदल. राग कमी झाला, शांत झालो, असं काही नाही. बायकोला विचारलंत तर ती उलटंच सांगेल.

तुम्ही म्हणाल, मग यात डोंगर आणि सायकल कशाला? म्हातारी बाजारातही भेटली असती. खरंय. पण बाजारात मी पकडला गेलो नसतो. मुरमाच्या चढावर थाप चालत नाही. पायडलवर उभं राहून जोर लावला की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. मागं टेकून बसलात तर पुढचं चाक उचलतं. सीटच्या टोकावर सरकून, कोपरं खाली, छाती हँडलजवळ, आणि हलक्या गिअरवर सावकाश पायडल, एवढी एकच जागा असते. ती सापडली तर सायकल चढते, नाहीतर पाय खाली टेकतो. कुणाला सांगायचं काही राहतच नाही.

उतारावर तर आणखीच. दोन्ही पायडल एका पातळीत, बूड सीटच्या मागं, ब्रेकवर एकेक बोट. पहिल्या वर्षी मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि मुरमावर तोंडावर आपटलो. कोपराची साल गेली, ती खूण अजून आहे. घरी सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." (म्हातारी भेटायच्या आधीची गोष्ट.)

नंतर या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1970 च्या दशकात काही पोरं 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या, वजनदार जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. 1976 च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नाव रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, कारण खाली येईपर्यंत मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. वर कसे जायचे? सायकली ट्रकमध्ये टाकून, नाहीतर ढकलत. म्हणजे ज्यांनी हा खेळ काढला तेच ढकलत होते! 1996 पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिथंही क्रॉस-कंट्री शर्यतीत खेळाडू अवघड जागी उतरून, सायकल हातात धरून पळतात. त्यांना कुणी पंक्चर विचारत नसेल.

आमचा तो चढ मला अजून पुरता जमत नाही. शेवटच्या वळणाला मोठा दगड आहे, तिथं दहातल्या सात वेळा उतरतो. म्हातारी अधूनमधून दिसते आणि लांबूनच ओरडते, "आज काय, पंक्चर का दम?" मी दम सांगतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चाळिशीत सुरू करावं का. करा, पण महागडी सायकल लगेच घेऊ नका. पुढं सस्पेन्शन असलेली साधी सायकल पुरते, पैसा घालायचाच असेल तर तो डिस्क ब्रेकवर आणि हेल्मेटवर घाला. आपल्या भागात खरा शत्रू सराटे आणि बाभळीचे काटे. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरून घ्या किंवा टायर ट्यूबलेस करा, तरी एक जादा ट्यूब आणि पंप पाठीवर असू द्या. खरं पंक्चर झालं तर माझ्यासारख्याची फार पंचाईत होते, कुणी विश्वास ठेवत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत घरी या, पारा चाळिशी ओलांडतो. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानात सायकल घालू नका, मुरमाच्या वाटेवरच राहा. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे थापल्यासारखी बसते, चाक फिरतच नाही. मी एकदा दीड किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन आलोय. वाटेत एक बैलगाडीवाला थांबला, चाकाकडं बघितलं, काहीच विचारलं नाही, आणि गाडीत जागा करून दिली.