थाळी पडेपर्यंत वर्तुळात थांब

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पौराणिक मालिकेत राक्षसाचा रोल, पंचवीस दिवसांचं शूटिंग, आणि त्यापायी राज्य स्पर्धा सोडू का, असं विचारतोयस. खरं सांगू? विचारत नाहीयेस. 'घे' असं माझ्या तोंडून ऐकायचंय तुला.

आधी एका थाळीफेकवाल्याचं ऐक. महाभारतातला भीम तुझ्या आईला विचार, पटकन डोळ्यांसमोर येईल. रविवारी सकाळी सगळी गल्ली टीव्हीपुढे बसायची. तो भीम म्हणजे प्रवीण कुमार सोबती, अमृतसरकडच्या सरहाली गावचा. 1966 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्ण, शिवाय हातोडाफेकीत कांस्य. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोड्याचं रौप्य. 1970 मध्ये बँकॉकलाच पुन्हा थाळीचं सुवर्ण, 1974 मध्ये तेहरानला रौप्य. मेक्सिको आणि म्युनिक अशी दोन ऑलिंपिकं. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा विशी नुकती गाठत होते.

आता हिशोब कर. मालिका सुरू झाली 1988 च्या ऑक्टोबरात. म्हणजे गदा खांद्यावर घेतली तेव्हा गडी चाळिशीचा. सिनेमात शिरला तोसुद्धा ऐंशीच्या दशकात, मैदानावरचं सगळं पदरात पाडून झाल्यावर. पाठीशी सीमा सुरक्षा दलाची नोकरी होती, आणि ती खेळातून आलेली. कॅमेऱ्यासाठी त्यांनी हंगाम अर्धवट टाकला नव्हता.

तू स्वतः फेकतोस, म्हणून तुला कळेल. फेक कितीही लांब जाऊ दे, थाळी जमिनीला लागायच्या आत वर्तुळाबाहेर पाऊल टाकलंस की पंच लाल झेंडा दाखवतो. थाळी पडल्यावरही मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यायचं. तुझी थाळी अजून हवेत आहे, बाबा. राज्यातलं पदक लागलं तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचा अर्ज तरी भरता येईल. राक्षसाच्या रोलला तसला कोटा नाही.

सगळ्यांना वेळ निवडता येते असंही नाही. आपल्या सोलापूरच्या सलील अंकोलाचं बघ. 1989 मध्ये कराचीला सचिनबरोबर पहिली कसोटी खेळला, तीच शेवटची. पुढे नडगीच्या हाडात गाठ निघाली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी क्रिकेट सुटलं. मग टीव्ही, सिनेमा. त्याला वर्तुळातून बाहेर ढकललं गेलं. तुझ्या नडग्या धडधाकट आहेत.

माझंही सांगून टाकतो, हसू नकोस. खांदा गेल्यावर मीही एका मालिकेत पाच दिवस पहिलवानाचं काम केलंय. नायकाचा हात लागायच्या आधीच पडायचं, एवढंच. पैसे नव्वद दिवसांनी मिळतील म्हणाले. नव्वदचे दोनशे झाले आणि चेक आला तो वटलाच नाही. तेव्हा कागद न वाचता सही करायची नाही. शिफ्ट किती तासांची, पडताना लागलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर किती टक्के कापणार, हे सगळं लेखी हवं.

आणि जीभ. पहिला रोल अंगावर मिळतो, दुसऱ्याला तोंड उघडावं लागतं. प्रवीण कुमारांच्या हिंदीतून पंजाब डोकावायचा, पण तो भीमाला शोभून गेला. तुझं तसं नाही. परवा व्हिडिओ पाठवलास, त्यात 'चाँद'मधला च आपल्या 'चांगला'तला लागतोय. रोज सकाळी व्यायामाआधी वीस मिनिटं हिंदी मोठ्यानं वाच. पुटपुटू नकोस, मैदानाच्या पलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

टाळ्या पेन्शनमध्ये धरत नाहीत, हेही लक्षात असू दे. उतारवयात या भीमालाही पंजाब सरकारकडे खेळाडूंच्या पेन्शनसाठी जाहीर दाद मागावी लागली. 7 फेब्रुवारी 2022 ला ते गेले, वयाच्या 74 व्या वर्षी. बातमीत बहुतेक ठिकाणी 'भीम' आधी आणि दोन सुवर्णं नंतर. मला ते वाचून राग आला होता, अजूनही येतो.

त्या लोकांना फोन करून विचार, तारखा स्पर्धेनंतरच्या मिळतील का. साडेसहा फुटाच्या आसपासचे राक्षस त्यांना रोज भेटत नाहीत, थांबतील. नाही थांबले तर मला कळव.

रविवारी सहाला ग्राउंडवर ये. कॉन्ट्रॅक्टचा कागद आण, सही न करता. आणि दोन किलोची थाळी आण, मागच्या वेळी विसरला होतास.

तुझा,
सर