उंट आणि प्यादे उरूनही बरोबरी

प्रश्न : लातूरच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना मी पहिलीच खेळी बी४ अशी केली, म्हणजे ‘बी’ या उभ्या पट्टीतील प्यादे दोन घरे पुढे सरकवले. अखेरच्या टप्प्यात माझ्याकडे काळ्या घरांवरचा उंट आणि ‘ए’ व ‘डी’ पट्टीतील प्यादी होती. प्रतिस्पर्ध्याने आपला पांढऱ्या घरांवरचा उंट देऊन ‘डी’ प्यादे मारले आणि राजा ए८ या कोपऱ्यात नेऊन बसवला. डाव बरोबरीत सुटला. सुरुवातच चुकली का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सुरुवात कमी खेळली जाणारी आहे, चुकीची नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत नामवंत बुद्धिबळपटू टार्टाकोवर यांनी मारोत्सी या तितक्याच नामवंत खेळाडूविरुद्ध ती खेळली. तेथील प्राणिसंग्रहालयातील ओरांगउटानवरून तिला नावही मिळाले. टार्टाकोवर तो डाव हरले, पण त्याचा दोष पहिल्या खेळीला देता येणार नाही.

आपल्या बरोबरीचे बीज मात्र या सुरुवातीत असू शकते. काळ्याने ई५ खेळल्यावर पांढऱ्याचा उंट बी२ वर येतो, काळ्याचा उंट बी४ वरील प्यादे मारतो आणि पांढऱ्याचा उंट ई५ वरील. म्हणजे कडेचे प्यादे देऊन आपण मध्यातले घेतो, परंतु काळ्याची मोहरी लवकर बाहेर येतात आणि आपले ‘ए’ प्यादे शेजाऱ्याविना एकटे पडते. या प्याद्याचे बढतीचे घर (जेथे पोहोचल्यावर त्याचा वजीर होतो) ए८ पांढरे आहे, तर आपला उंट जन्मभर काळ्या घरांवरच फिरणारा. त्यामुळे एकदा काळा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला की त्याला तेथून हुसकावण्याचे साधनच उरत नाही; फार जवळ जावे, तर त्याला शह नसताना हलायला घर राहत नाही आणि नियमाने बरोबरी होते. प्रतिस्पर्ध्याने हे आधीच हेरले होते, म्हणून त्याने उंट देण्यास मागेपुढे पाहिले नाही.

विजय निसटला तो त्याआधीच. उंट विरुद्ध रंगांच्या घरांवर असताना एखादे प्यादे जास्त असणे बहुधा पुरेसे ठरत नाही. मात्र पटावर हत्ती असतील तर तेच उंट हल्ला करणाऱ्याच्या उपयोगी पडतात, कारण आपला उंट ज्या घरांवर मारा करतो, त्यांचे रक्षण प्रतिस्पर्ध्याचा उंट करू शकत नाही. म्हणून अशा डावात शेवटचे हत्ती बदलून टाकण्याची घाई करू नये. ‘डी’ प्यादे पुढे ढकलण्याआधी काळा राजा बी७ व ए८ या घरांपर्यंत पोहोचू शकतो का, हेही मोजायला हवे.